घोणस आणि काचेची नळी

मंडळी, आपल्या कोल्हापूरकडे ऊस आहे, उसात उंदीर आहेत आणि उंदरांमागे घोणस आहे. तिच्या विषाचा इतिहास वाचताना मी थक्क झालो. हे विष अंगातलं रक्त गोठवायला लागतं आणि त्यात गोठवणारी द्रव्यंच संपून जातात. मग रक्त थांबता थांबत नाही! १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हेच विष पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर लावलं, तर रक्त थांबलं.

साप चावल्यावर करायची चाचणी अगदी साधी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलीलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती कलती करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय, सर्पदंशाची लस द्यायची. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठायला सुरुवात होते.

पण नळीत सगळं दिसत नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. एली मॉश्कोविट्झ यांनी एका १६ वर्षांच्या मुलीची हकीकत लिहिली. ती गेल्यावर तिच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्याच गुठळ्या सापडल्या. अशा आजारांच्या कुळाला पुढे थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपॅथी हे नाव पडलं. गुठळ्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात, प्लेटलेट घटतात, मूत्रपिंड बसतं. त्या मुलीच्या आजारावर प्लाझ्मा बदलण्याचा उपाय चांगला चालतो, हे १९९१ साली कॅनडातल्या अभ्यासाने दाखवलं.

घोणस चावलेल्या काही जणांतही हेच चित्र दिसतं. कारण मात्र विष, त्यामुळे प्लाझ्मा बदलण्याचा फायदा इथे सिद्ध झालेला नाही. वेळेवर लस आणि गरज पडली तर डायलिसिस, हाच आधार.

आता मुद्द्याचं. लस दिल्यावर नळीतलं रक्त गोठायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. पण प्लेटलेट घसरणं आणि लघवी कमी होणं त्यानंतरही चालू राहू शकतं. म्हणून घरी न्यायची घाई नको. लघवी किती होतेय, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन किती, काचपट्टीवर फाटलेल्या पेशी दिसतात का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि हो, चावल्यावर घट्ट आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक... यातलं काहीच नको. पाय हलवू न देता थेट दवाखाना गाठायचा.