शलाकाग्राह आणि दुसऱ्या पसंतीचे मत

चुल्लवग्गाच्या समथखन्धकात संघातील वाद मिटविण्याच्या सात रीती सांगितल्या आहेत. त्यांतील येभुय्यसिका म्हणजे बहुमताने निर्णय. दोन पक्षांसाठी दोन निरनिराळ्या रंगांच्या शलाका असत. प्रत्येक भिक्खू आपल्या मताची शलाका उचली. शलाका वाटणारा भिक्खू छंद, दोष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणी शलाका घेतली, कोणी घेतली नाही हे जाणणारा असावा, असा दंडक होता. गूळ्हक, विवटक आणि सकण्णजप्पक, म्हणजे गुप्त, उघड आणि कानात सांगून, असे शलाका देण्याचे तीन प्रकार होते. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या मतदानपद्धतीचा जो गौरवाने उल्लेख केला, तो आमच्या वाचकांना ठाऊकच आहे.

मात्र त्याच खन्धकात अधार्मिक शलाकाग्राहाचे दहा प्रकार दिले आहेत, त्यांकडे फारसे कोणी वळत नाही. वाद क्षुल्लक असताना मत घेणे, संघ फुटेल हे जाणून मत घेणे, वर्गावर्गाने फुटून मत देणे, असे ते दोष आहेत. दहावा दोष आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भिक्खू जर यथादिट्ठि, म्हणजे स्वतःच्या दृष्टीप्रमाणे, शलाका घेत नसतील तर ते मतदान सदोष होय. मन एका बाजूला आणि शलाका दुसऱ्या बाजूची, हे विनयाला मान्य नाही.

आमच्या समाजातील मतदाराला हा दोष पुष्कळदा चिकटविला गेला आहे. मनाने तो आपल्या पक्षाचा असतो. पण तो पक्ष निवडून येणार नाही आणि नको असलेला येईल, या भयाने तो मोठ्या पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारतो, अलीकडे कळ दाबतो. त्यावर कोणी त्याला लाचार म्हणतो, कोणी शहाणा. येथे विनयाचा एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. त्या दहा दोषांच्या यादीत भिक्खूला आपत्ती सांगितलेली नाही. अधार्मिक ठरतो तो शलाकाग्राह, म्हणजे मत घेण्याची ती संपूर्ण क्रिया. (याच पाठात अधर्मवादी बहुसंख्य ठरल्यास निकालच मागे घेण्याची मुभा आहे. नागरिकांच्या निवडणुकीला ती लावता येत नाही, आणि तसा अट्टहासही कोणी करू नये.) म्हणून मतदाराची परीक्षा घेण्यापूर्वी त्याच्या हाती कोणत्या शलाका दिल्या गेल्या होत्या, हे इतिहासात पाहिले पाहिजे.

१९३७ साली मुंबई प्रांतात अनेक सदस्यांच्या मतदारसंघांत मते एकवटून देण्याची सोय होती. मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. बाबासाहेबांचा आग्रह याच पद्धतीचा होता, कारण तीत अल्पसंख्य मतदाराला आपली पसंती न सोडता तिचे वजन वाढविता येत असे. स्वतंत्र मजूर पक्षाच्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक विजयी झाले. यशाची इतरही कारणे होती, परंतु पद्धतीचा वाटा नाकारता येणार नाही.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत हे बदलले. राखीव जागा असलेल्या द्विसदस्य मतदारसंघांत प्रत्येकाला दोन मते मिळाली, पण एका उमेदवाराला एकच मत देण्याचे बंधन आले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई. मग दुसरे मत कोणाला? १९५२ साली मुंबई शहर उत्तर मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन व समाजवादी पक्ष यांची युती होती. बाबासाहेब राखीव जागेवर, अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे १४ हजार मतांनी बाबासाहेबांचा पराभव केला. मेहताही हरले, परंतु त्यांना बाबासाहेबांपेक्षा अधिक मते पडली होती. युतीचा तराजू समतोल असता तर दोघांच्या मतांत एवढे अंतर पडते ना. कम्युनिस्ट उमेदवार श्रीपाद अमृत डांगे यांच्या बाजूने 'मते कुजवा' असा प्रचार झाला, हेही चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. बाबासाहेब व मेहता यांनी केलेल्या निवडणूक अर्जात ७४,३३३ बाद मतपत्रिकांची तक्रार होती. अर्ज यशस्वी झाला नाही.

१९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत तीच कथा अधिक उघडपणे घडली. तेथेही दोन जागा होत्या. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले; राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, असे कार्यकर्त्यांनी सुचविले असता बाबासाहेबांनी त्यास नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. आमच्या मते भंडाऱ्याचा निकाल एवढेच दाखवितो की आपल्या मतदाराने दुसऱ्या पसंतीचे मत प्रामाणिकपणे दिले आणि समोरून त्याची परतफेड पुरेशी झाली नाही.

परतफेड झाली तर काय घडते, हे तीन वर्षांनी दिसले. बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण करून कम्युनिस्ट मार्गाशी आपला मतभेद जगापुढे मांडला होता. त्यानंतर सोळा दिवसांतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आणि १९५७ च्या आरंभी संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक म्हणून फेडरेशनचा मतदार कम्युनिस्टांना मत देण्यास उभा राहिला. दृष्टी बदलली नव्हती. शलाका मात्र दुसऱ्या रंगाचीही घेतली गेली. मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने असे दोघेही लोकसभेत गेले. ज्या डांग्यांच्या बाजूने पाच वर्षांपूर्वी मते कुजविण्याची हाक ऐकू आली होती, त्यांच्याच मतदारांनी या वेळी दुसरी मतपत्रिका वाया घालविली नाही. ठाणे मतदारसंघातही दोन्ही जागा समितीतील कम्युनिस्ट उमेदवारांनी जिंकल्या. त्यांतील एक शामराव परुळेकर. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून रत्नागिरीतून विधिमंडळात गेले होते. पुढे पक्ष सोडून गोदावरी परुळेकरांसह वारली शेतकऱ्यांच्या लढ्यात उतरले.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. तेव्हापासून मतदाराजवळ एकच मत उरले, आणि दुसरी पसंती द्यायची तर पहिली सोडणे भाग झाले. रिपब्लिकन पक्षाची पुढची फाटाफूट वाचकांना ठाऊक आहे. तिचे सगळे खापर पद्धतीवर फोडणे बरे नव्हे. तरीही १९९८ साली काँग्रेसने जागा सोडल्या तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले व जोगेंद्र कवाडे हे चौघेही सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. उलट २०१९ साली सोलापुरात भाजपचे मताधिक्य १,५८,६०८ होते आणि तिसऱ्या क्रमांकावरील वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मते होती. मतविभाजनाचा ठपका तेव्हा कोणावर आला, हे सांगावयास नको. जागा का सोडली गेली नाही, असा प्रश्न मोठ्या पक्षाला विचारणारे थोडे होते.

ज्या ठाणे जिल्ह्यातून परुळेकर निवडून आले, त्याच्याच डोंगरी भागात जव्हार व मोखाडा हे तालुके होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हार तालुक्यातील साखरशेत घ्या. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांचा हा मुलूख. विधानसभेची विक्रमगड व लोकसभेची पालघर, दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. तेथील बौद्ध कुटुंबाला मत आहे, उमेदवारी नाही. त्याची दुसरी पसंती अशी आरंभापासूनच ठरलेली. ही तक्रार म्हणून आम्ही लिहीत नाही. आदिवासींचा तो हक्कच आहे. पण या भागातील आदिवासी मतदारालाही तोच पेच सुटलेला नाही. डहाणू मतदारसंघातून १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम लोकसभेत गेले, ते जनता पक्षाशी समझोता होता तेव्हा.

२८ मे २०१८ च्या पालघर पोटनिवडणुकीत भाजपचे राजेंद्र गावित २,७२,७८२ मते मिळवून निवडून आले. शिवसेनेचे श्रीनिवास वनगा यांना २,४३,२१०, बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांना २,२२,८३८, मार्क्सवादी किरण गहला यांना ७१,८८७ आणि काँग्रेसचे दामोदर शिंगडा यांना ४७,७१४ मते पडली. विजयी उमेदवाराला शंभरांत सुमारे एकतीस. गहलांना मत देणाऱ्याने यथादिट्ठि शलाका उचलली, असे म्हणता येईल. परंतु भाजप नको असलेल्या मतदाराने पर्याय म्हणून कोणाकडे वळावे? वनगांकडे, की जाधवांकडे? त्या मतदानात मोठा पक्ष कोणता आणि तिसरा कोणता, हे निकालापूर्वी कोण सांगू शकत होते? संघात दोन रंगांच्या शलाका होत्या. येथे पाच प्रमुख रंग होते आणि उचलायची एकच.

पुढच्याच वर्षी काँग्रेस आघाडीने पालघरची जागा जाधवांना सोडली व मार्क्सवादी पक्षाने त्यांना पाठिंबा दिला. गावित या वेळी शिवसेनेकडून उभे होते आणि ८८,८८३ मतांनी विजयी झाले. लोकसभेत दिलेले मत वाया गेले असे म्हणून कोणी तेव्हा बोट दाखविले असेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेजारच्या डहाणू विधानसभा मतदारसंघात मार्क्सवादी विनोद निकोले यांना काँग्रेस, राष्ट्रवादी व बहुजन विकास आघाडी यांनी पाठिंबा दिला, आणि पाच हजारांहून कमी मतांच्या फरकाने ते निवडून आले.