वायमियाचा जीवरक्षक

हवाई बेटांपैकीं ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वायमिया नांवाचा एक चिमुकला उपसागर आहे. उन्हाळ्यांत तेथें मुलें निर्धास्तपणें डुंबतात. हिवाळा लागला, कीं सुमारें दोन हजार मैल उत्तरेस, अल्यूशियन बेटांच्या बाजूस, वादळें उठूं लागतात आणि त्यांनीं हेलावलेलें पाणी या किनाऱ्यावर येऊन आदळतें. याच पाण्यावर फळीनें लाटेवर स्वार होण्याची एक स्पर्धा दर हिवाळ्यांत सज्ज होते. निमंत्रणें जातात, प्रार्थना होते. परंतु स्पर्धा बहुधा होतच नाहीं! हवाईच्या मापानें वीस फूट, म्हणजे समोरून पाहिल्यास चाळीस फुटांच्या आसपास, लाटा दिवसभर उठल्या तरच ती व्हावयाची. १९९० नंतर ती एकदम १९९९ सालीं झाली. २०१६ च्या फेब्रुवारींत लोक पहाटेपासून किनाऱ्यावर दाटले असतां लाटा पुरेशा न आल्यामुळें सर्वांना परत पाठविण्यांत आलें. पुढें त्याच महिन्यांत ती पार पडली. १९८५ पासून २०२४ अखेर ती अवघी ११ वेळां झाली आहे. जाहिरातदारांच्या सोयीनें चालणाऱ्या धंदेवाईक खेळांच्या काळांत हा हट्ट विलक्षणच म्हटला पाहिजे.

या हट्टाच्या मागें एक मनुष्य आहे.

हवाईच्या भाषेंत या क्रीडेस ‘हेए नालू’ म्हणतात. राजे आणि सामान्य प्रजा, स्त्रिया आणि पुरुष, सारेच ती खेळत. १८२० सालीं आलेल्या मिशनऱ्यांना ती रुचली नाहीं. तथापि सारा दोष त्यांच्याच माथीं मारणें न्याय्य नव्हे. परदेशी रोगांच्या सांथींनीं मूळची प्रजाच इतकी घटली, कीं खेळणार कोण, असा प्रश्न पडावा. विसाव्या शतकाच्या आरंभीं ड्यूक काहानामोकू प्रभृतींनीं या क्रीडेला पुन्हां ऊर्जितावस्था आणली. एडी ऐकाऊ हा त्याच परंपरेंतला. त्याचा जन्म १९४६ सालीं माउई बेटावर झाला. १९६८ पासून तो उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक झाला. जेथें इतर पाण्याकडे पाहूनच माघार घेत, तेथें तो फळीवर पडून आंत शिरे. त्यानें पांचशेंहून अधिक लोकांना वांचविलें असें सांगतात. त्याच्या पहाऱ्यांत वायमियाला एकही जीव गेला नाहीं, अशी ख्याति आहे. १९७७ सालीं ड्यूकच्या नांवाची मानाची स्पर्धाही त्यानें जिंकली.

त्याच सुमारास हवाईच्या लोकांत आपल्या पूर्वजांविषयींचा अभिमान जागृत होत होता. ‘होकुलेआ’ ही जुन्या धर्तीची जोडनौका १९७६ सालीं होकायंत्रावांचून, ताऱ्यांच्या व लाटांच्या आधारें ताहितीस पोंचली होती. दुसऱ्या सफरीसाठीं ती १६ मार्च १९७८ रोजीं होनोलुलूहून निघाली, तेव्हां एडी तींत होता. त्या रात्रीं मोलोकाई बेटाच्या दक्षिणेस वादळी समुद्रांत नौका उलटली. दुसऱ्या दिवशीं, मदतीचें चिन्ह दिसेना, तेव्हां एडी आपली फळी घेऊन लानाई बेटाच्या दिशेनें एकटाच निघाला. कांहीं तासांनीं एका विमानाला नौकेवरील इशारा दिसला आणि उरलेले सर्वजण वांचले. एडी मात्र पुन्हां कोणाला दिसला नाहीं. एकतीस वर्षांचें वय. आणि इतरांसाठीं जाण्याचा तोच जुना परिपाठ!

स्पर्धा त्याच्या स्मरणार्थ आहे. वायमिया येथें झालेली पहिली स्पर्धा त्याचा धाकटा भाऊ क्लाइड यानें जिंकली. २०२३ सालीं तींत प्रथमच स्त्रियांनींही भाग घेतला. त्या वर्षीचा विजेता ल्यूक शेपर्डसन हा उत्तर किनाऱ्यावरचा जीवरक्षक होता आणि स्पर्धेच्या दिवशीं तो कामावरच होता. आपली पाळी आली, कीं तेवढ्यापुरती मोकळीक घेऊन त्यानें लाटांवर जावें, आणि परत येऊन पहाऱ्यास बसावें, असा त्याचा तो दिवस गेला.