सोलोव्हेचिक, जोसेफ बेर

(१९०३–१९९३). अमेरिकेतील ज्यू राब्बी (धर्मगुरू), तत्त्वज्ञ व शिक्षक. जन्म प्रुझानी (सध्या बेलारूसमध्ये) येथे. तालमूद या ज्यू धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या चिकित्सक अध्ययनाची परंपरा त्यांना आजोबा राब्बी हाईम यांच्याकडून मिळाली. बर्लिन विद्यापीठात त्यांनी हेर्मान कोहेन यांच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. १९३२ मध्ये ते बॉस्टनला आले.

१९३७ मध्ये त्यांनी तेथे मायमोनिडीझ स्कूल ही पूर्णवेळ शाळा स्थापन केली. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक ज्यू मुले सरकारी शाळेत जात आणि धर्मशिक्षण शाळा सुटल्यावर थोडा वेळ घेत. एका छताखाली सकस धर्माध्ययन आणि गणित-विज्ञान-साहित्य शिकवता येते, हे या शाळेने दाखवले. मुलींनाही मुलांच्याच वर्गात तालमूद शिकवणे हा तिचा सर्वांत धाडसी निर्णय. सनातनी ज्यू समाजात तो विरळाच होता. शाळेच्या जडणघडणीत पत्नी टोन्या यांचा वाटा मोठा आहे. टोन्या यांनी येना विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती.

१९४१ पासून ते न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठात तालमूद शिकवू लागले. तरी घर आणि शाळा बॉस्टनलाच राहिली. दर आठवड्याला ते ये-जा करीत. येशिवा विद्यापीठात त्यांच्याकडे शिकलेले अनेक राब्बी पुढे ज्यू शाळांचे प्रमुख झाले.