चौतीस आणि चौसष्ट

मैत्रिणींनो, आतलं दुखणं आपण अंगावर काढतो. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी तपासलं, तर शंभरात ९२ बायांना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली ते छापून आलं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तर सुरुवातीला दुखतही नाही. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयासोबत, त्यावर संशोधन झालं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे चार भाग. एका भागात एचपीव्ही चाचणी झाली, तीही एकदाच. आठ वर्षांत तिथे या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. जवळपास तेवढ्याच बायांच्या दुसऱ्या भागात तपासणी नव्हती, नुसती माहिती दिली होती. तिथे ६४ गेल्या.

माहिती तर आम्हीही देतो. बैठकीत विचारलं, तपासणी कुणी केली? एकही हात वर झाला नाही. आमचाही नाही. मंगळवारी आम्ही अकरा जणी आरोग्य केंद्रात जातोय.