टाळे लावून मोजणी : जनगणनेची रात्र, संगणकाची सारणी आणि पालघर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याची लोकसंख्या किती, असे विचारले की २९,९०,११६ हे उत्तर मिळते. आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे. जिल्हा जन्मण्याच्या तीन वर्षे आधी त्याची माणसे मोजून झाली होती, आणि तीही ठाण्याच्या खात्यावर. त्या जनगणनेच्या मूळ तक्त्यांत बोईसर, तारापूर, जव्हार, मोखाडा यांच्यापुढे ठाण्याचाच संकेतांक आहे : ५१७.

यामागे एक जुना पेच आहे. जे क्षणोक्षणी बदलते ते मोजायचे कसे? मोजणी संपेपर्यंत त्याला थांबवून धरावे, तर व्यवहार अडतो. न थांबवावे, तर आकडा चुकतो. जनगणना खात्याने या पेचावर जो तोडगा काढला, जवळजवळ तोच पुढे संगणकशास्त्रज्ञांनी आपल्या मार्गाने शोधून काढला.

देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री पार पडली. आजचा पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातील माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. प्रगणक आधीचे काही आठवडे घरोघर जाऊन कच्ची यादी तयार करीत. ठरलेल्या रात्री तीच यादी घेऊन पुन्हा फेरी निघे : मेलेल्यांची व परगावी गेलेल्यांची नावे खोडायची, नवजात बालके व पाहुणे वाढवायचे. लोकांनी त्या रात्री घरीच थांबावे, अशी अपेक्षा असे. तारीख ठरवताना रात्री चांदणे असावे, मोठी जत्रा वा यात्रा नसावी, हेही पाहिले जाई. आगगाड्यांतील प्रवासी आणि नौकांवरील माणसे यांच्यासाठी निराळी व्यवस्था करावी लागे. एका रात्रीपुरते साऱ्या उपखंडाला टाळे लावण्याचाच तो प्रयत्न होता. मनुष्यबळ अफाट लागे आणि चूक सुधारायला दुसरी रात्र नसे.

२६ फेब्रुवारी १९३१ ची मोजणी ही या पद्धतीची अखेरची. १९४१ पासून एका रात्रीचा आग्रह सुटला. मोजणी काही आठवडे चालू द्यायची, मात्र आकडा एका ठराविक क्षणाचा धरायचा, अशी रीत आली. २०११ मध्ये मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि संदर्भ क्षण होता १ मार्चच्या मध्यरात्रीचा ००:०० चा ठोका. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्यानंतर १ ते ५ मार्च या पाच दिवसांत प्रगणक पुन्हा फिरले आणि दरम्यानचे जन्ममृत्यू जुळवून घेतले. माणसांना थांबवण्याऐवजी काळाचे एक चित्र टिपायचे, ही कल्पना.

आता थोडे संगणकाकडे. १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी माहिती सारण्यांच्या रूपात ठेवण्याचा सिद्धान्त मांडला. त्याच प्रयोगशाळेत त्यावरून ‘सिस्टिम आर’ हा डेटाबेस उभा राहिला. अशा सारणीला ग्रंथाच्या अखेरीस असते तशी सूची जोडता येते. तिलाच इंडेक्स म्हणतात. परंतु सूची नेहमीच उपयोगी पडते असे नाही. पालघर जिल्ह्याची सारणी घेऊ. मोखाडा तालुक्यातील माणसे हवी असतील तर सूची चाळणे शहाणपणाचे, कारण तिथली लोकसंख्या २०११ मध्ये लाखाच्याही आत होती. वसई तालुक्यातील हवी असतील, तर सूची आणि पान यांत हेलपाटे घालण्यापेक्षा सारी सारणी सरळ वाचून काढलेली बरी. जिल्ह्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे तिथेच आहेत. हा निर्णय यंत्राने आधीच घ्यायचा असतो. त्यासाठी सारणीत ओळी किती, त्या किती पानांवर पसरल्या आहेत आणि सूचीत वेगवेगळी मूल्ये किती, ही आकडेवारी हाताशी असावी लागते.

पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ही रचना सांगितली आहे. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर आकडेवारी अद्ययावत करायची नाही, असे त्यांनी ठरवले, आणि कारणही नोंदवले : तसे केल्यास आकडेवारी ठेवणाऱ्या मध्यवर्ती तक्त्याच्या टाळ्यापाशी सर्वांची कोंडी होईल. म्हणून अधूनमधून, आज्ञा देऊन मोजणी करावी. आकडेवारी हाती नसेल तिथे यंत्राने सरळ अंदाज बांधावा. नेमके मूल्य शोधायचे असेल तर दहातील एक ओळ जुळेल, असे धरून चालावे. जनगणना दररोज न होता दहा वर्षांनी का होते, याचे उत्तरही याहून फार वेगळे नाही.

मोजणी चालू असताना सारणीला टाळे किती घट्ट लावावे, याबाबत मात्र डेटाबेसांचे मार्ग वेगळे झाले. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम पद्धतीत विश्लेषण संपेपर्यंत सारणी वाचता येत असे, पण तीत लिहिणाऱ्याला ताटकळावे लागे. पोस्टग्रेसने टाळे सैल केले. तिथे मोजणी चालू असतानाही ओळी येऊ शकतात, बदलू शकतात, पुसल्या जाऊ शकतात. बंदी असते ती सारणीचा आराखडा बदलण्यावर. शिवाय प्रत्येक ओळ मोजलीच जात नाही. नेहमीच्या मांडणीत सुमारे ३०,००० ओळींचा यादृच्छिक नमुना पुरतो. (नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधण्याच्या शास्त्रात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचे नाव मोठे. १९४० च्या दशकात पिकांच्या कापणी-प्रयोगांवर काम करताना, नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे त्यांनी आग्रहाने मांडले.)

आराखड्यापुरते टाळे, ही युक्ती भारतीय जनगणनेलाही परकी नाही. १९९० च्या जनगणना नियमांतील आठव्या नियमानुसार, ठरवून दिलेल्या तारखेपासून जनगणना पूर्ण होईपर्यंत जिल्हा, तालुका, नगरपालिका वा गाव यांच्या हद्दी गोठवल्या जातात. माणसे जन्मतात, मरतात, घर बदलतात. रेषा तेवढी हलत नाही. २०११ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २००९ नंतर हद्दी गोठल्या. ते टाळे उघडल्यानंतर, पुढचे लागण्याच्या आत पालघर जिल्हा झाला. तलासरी-मोखाड्याच्या माणसाला जिल्हा कचेरीतील कामासाठी ठाणे गाठण्याची गरज उरली नाही, ही त्यातली खरी कमाई.

पुढच्या मोजणीसाठी टाळे ३१ डिसेंबर २०१९ नंतर लागायचे होते. करोनाची साथ आली, मोजणी लांबली आणि हद्दी गोठवण्याची मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली. अखेर १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भ क्षण ठरला आणि हद्दींसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख आली. पालघर जिल्हा म्हणून प्रथमच मोजला जाणार तो या जनगणनेत.

जुन्या आकडेवारीवर चालणारा डेटाबेस चुकीची वाट धरतो आणि मंदावतो. जिल्ह्याच्या बाबतीत हा मंदपणा माणसांच्या अंगावर येतो. आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची राज्यवार कमाल संख्याही प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवरूनच ठरते. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी असून तिचा पाया २०११ चा आहे. त्यानंतर जन्मलेली मुले त्या पायात नाहीत. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, मागोमाग औद्योगिक वसाहत आली आणि बोईसर कामगारांनी भरत गेले. २०११ मध्ये ते ‘जनगणना शहर’ होते, म्हणजे लक्षणे शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा.

आणि नेमका क्षण निवडला तरी एक गोष्ट निसटतेच. जव्हार-मोखाड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. २०११ च्या नियमानुसार, मोजणीच्या संपूर्ण काळात घरापासून दूर असलेला माणूस जिथे सापडेल तिथेच मोजला जाई. म्हणजे मोखाड्याचा रहिवासी भिवंडीच्या भट्टीवर मोजला जातो, आणि त्याच्या पाड्याच्या बेरजेतून तेवढी माणसे वजा होतात. यांपैकी बरीच कुटुंबे होळीला गावी येतात. २०२७ ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे. प्रगणक त्याआधीच, फेब्रुवारीत, पाड्यावर येऊन गेलेले असतील.