एका मिटत्या चाकूची खिटी व तिच्या दुरुस्तींतून निघालेला कालनिर्णय

जुन्या दप्तरांबरोबर कलमदान, दौत, वाळूची डबी, बोरू तासण्याचा चाकू अशीं लेखनोपकरणें संग्राहकांच्या हातीं वारंवार येतात. कागद कालक्रमानें लावले जातात, त्यांचें वाचन होतें. उपकरणें मात्र ‘त्याच काळचीं’ असें गृहीत धरून फडताळांत ठेवून दिलीं जातात. आमच्याकडे तपासणीसाठीं आलेल्या एका मिटत्या चाकूचा इतिहास असाच आहे. ज्या घराण्याच्या दप्तरांत तो सांपडला, तेथील कागद इ. स. १८१८ च्या अलीकडे येत नाहींत. चाकू कलमदानांतच होता, तेव्हां तो पेशवाईंतीलच, असें मालकांचें म्हणणें. त्याची खिटी बिघडली असल्यामुळें तो शिकलगाराकडून नीट करवून मग प्रदर्शनांत मांडावा, असाही त्यांचा मनोदय होता. आम्हीं तो प्रथम आपल्याकडे ठेवून घेतला, हें पुढील हकीकतीवरून बरेंच झालें असें वाटतें.

चाकू हा शब्द आपल्याकडे फारसीच्या द्वारें आला. परंतु नांव जुनें म्हणून वस्तु जुनी असें होत नाहीं. तुर्की सुलेखनकार कलम तासण्यासाठीं जें कलमतराश वापरीत, तें लांब मुठीचें व न मिटणारें असे. त्यांत खिटीचें प्रयोजनच नव्हतें. मिटतें पातें मात्र बोरूला चीर पाडतांना जोर लागला कीं उलटून बोटावर मिटण्याचा संभव असतो. खिटी आहे ती त्यासाठीं.

प्रस्तुत चाकूची रचना अशी आहे. मुठीच्या पाठीशीं पोलादाची एक पट्टी मधोमध एका खिळ्यावर तोललेली आहे. तिच्या एका टोकास दात असून पातें पुरतें उघडलें म्हणजे तो पात्याच्या मुळाशीं कोरलेल्या खांचेंत बसतो. दुसऱ्या टोकाखालीं बारीक कमान आहे, ती दाताला खांचेंत दाबून धरते. पातें मिटावयाचें असल्यास पट्टीचें मागचें टोक आंगठ्यानें दाबावें, म्हणजे दात वर उचलला जातो. आमच्या हातीं आला तेव्हां हा चाकू उघडे, परंतु पाठीकडून थोडासा रेटा दिला कीं पट्टी न दाबतांच मिटे.

अशी खिटी सुटण्याचीं कारणें मुख्यतः चार संभवतात: खांचेंत मळ भरणें, कमान निर्जीव होणें, दाताचा किंवा खांचेचा कोपरा झिजून गोल होणें, आणि ज्या खिळ्यावर पातें फिरतें तो सैल होणें. सामान्य कारागीर यांपैकीं कोणतेंही कारण असो, उपाय एकच करतो: कानस घेऊन खांच खोल करतो, किंवा दोन हातोड्या मारून खिळा आवळतो. नित्याच्या वापरांतील चाकूस हें चालेल. जुन्या वस्तूस चालणार नाहीं, कारण कानशीनें गेलेली धातु परत येत नाहीं, आणि हाडाच्या मुठीवर हातोडी बसली तर मूठच तडकते.

आम्हीं भिंगांतून पाहिलें तों खांच काळ्या, कठीण मळानें जवळजवळ भरून आलेली दिसली. आपल्याकडे हत्यारांना घरांतलेंच गोडें किंवा जवसाचें तेल लावण्याची चाल होती. हें तेल कालांतरानें सुकून राळेसारखें घट्ट होतें, व त्यांत शाई आणि बोरूचा भुसा मिसळला म्हणजे त्याचा जणूं लुकणच बनतो. दात खांचेंत न बसतां या थरावर बसत होता. सुईच्या टोकानें घासलेटाचे थेंब खांचेंतच सोडले. मुठीचें हाड घासलेट शोषून डागाळतें, म्हणून चाकू त्यांत बुडविला नाहीं. रात्रभर थांबून मळ बांबूच्या काडीनें उकरला. तीन वेळां हें केल्यावर खांचेचा तळ लागला आणि दात स्पष्ट आवाज करून आंत बसूं लागला. शेवटीं घड्याळजीकडील तेलाचा एक थेंब दिला. कमान चांगली आहे. पातें अद्याप किंचित् हलतें, परंतु खिळा आवळण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं. हा चाकू आतां पाहण्यासाठीं आहे. त्यानें कोणी बोरू तासूं नये.

मळ निघाला तेव्हां पात्याच्या मुळाशीं, मुठीला अगदीं लागून, रोमन लिपींतील बारीक अक्षरें उघडीं पडलीं. वरची ओळ पूर्वीं केव्हां तरी सहाणेवर घासली गेली आहे, त्यामुळें कारखान्याचें नांव वाचतां येत नाहीं. खालची ओळ मात्र मळाखालीं सुरक्षित राहिली. ती ‘इंग्लंड’ अशी आहे. शेफील्डचे चाकूवाले आपल्या मालावर पूर्वीं स्वतःचें किंवा गांवाचें नांव घालीत. देशाचें नांव घालण्याचा प्रघात अमेरिकेंतील १८९० च्या जकातीच्या कायद्यानंतर रूढ झाला. त्या कायद्यानें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असणें आवश्यक केलें होतें. क्वचित् तत्पूर्वींही कोणी तें घातलें असेल, म्हणून एवढ्यावरच आम्ही विसंबत नाहीं. मुठीच्या दोन्ही टोकांच्या टोप्या रुप्याच्या म्हणून सांगण्यांत आल्या होत्या. त्या रुप्यासारख्या काळ्या न पडतां पिवळसर झाल्या असून सांध्यांत हिरवा कळंक आहे. म्हणजे ती तांबें, जस्त व निकेल यांची मिश्रधातु, जर्मन सिल्व्हर होय. चीनमध्यें अशी धातु पूर्वींपासून होती, परंतु युरोपांत ती व्यापारी प्रमाणावर इ. स. १८२३ नंतर होऊं लागली. तेव्हां नांवाची ओळ बाजूस ठेवली तरी विलायती कारखान्यांतला हा चाकू पेशवाईंत येत नाहीं. ती ओळ धरली तर तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस किंवा त्याहून अलीकडे जातो.

खिटी आहे म्हणून चाकू अर्वाचीन, असा युक्तिवाद मात्र कोणी करूं नये. स्पेनमधील नव्हाखा नांवाच्या मिटत्या सुऱ्यांना अठराव्या शतकांतही खिटी असे. तसेंच पातें गंजतें म्हणून तें फार जुनें, हेंही खरें नाहीं. न गंजणारें पोलाद शेफील्डास हॅरी ब्रेअर्ली यानें १९१३ सालीं सिद्ध केलें हें खरें, तरी साध्या पोलादाचे चाकू त्यानंतरही होतच राहिले.

मालकांना हा निर्णय रुचला नाहीं, तें स्वाभाविक आहे. त्यांच्या कागदांच्या प्रामाण्यास यानें कोणताही बाध येत नाहीं. घराण्यांतील पुढल्या कोणी तरी आपला चाकू वाडवडिलांच्या कलमदानांत ठेवला, इतकेंच यावरून ठरतें. चाकूबरोबर आम्हीं एक चिठ्ठी ठेवली असून तींत खिटीची मूळ स्थिति, वापरलेले पदार्थ व मळाखालीं सांपडलेलीं अक्षरें नमूद केलीं आहेत. काढलेला मळही कागदाच्या पुडींत बांधून ठेवला आहे. कलमदानांत तीन बोरू आहेत. त्यांपैकीं दोहोंचा काप एका धाटणीचा व तिसऱ्याचा निराळा दिसतो. त्यांचें भिंगाखालीं मोजमाप व्हावयाचें आहे.