भूतकथेचे उत्सवी संगीतरूप : ‘अ ख्रिसमस कॅरल’

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) या भूतकथेला संगीत रंगभूमीने बाहेरून चिकटवले, हे मत स्वीकारता येत नाही. शीर्षकातच नाताळगीत आहे. पाचही प्रकरणांना डिकन्सने ‘स्टेव्ह’, म्हणजे गीताचे कडवे, असे नाव दिले आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. बालकामगारांविषयीच्या सरकारी अहवालाने अस्वस्थ होऊन डिकन्स आधी एक पत्रक लिहिणार होता. त्याऐवजी ही कथा आली. तिच्यातील आरोप उत्सवाच्या जल्लोषात विरघळतो काय?

लेस्ली ब्रिकसकृत ‘स्क्रूज’ (चित्रपट १९७०, रंगमंचावर बर्मिंगहॅम, १९९२) या संदर्भात पाहण्याजोगे आहे. मूळ कथेत कृपण सावकाराच्या मृत्यूची वार्ता ऐकून हायसे वाटणारे एकच ऋणको दांपत्य आहे. ब्रिकसने त्याचा जमाव केला. चित्रपटातील भविष्यदर्शनात हा जमाव मृत स्क्रूजचे आभार मानत नाचतो, आणि सोहळ्याचे निमित्त न उमगलेला स्क्रूजही (हा खास रंगभूमीचा उपरोध) त्यात आनंदाने सामील होतो. पुढे कर्जमाफीनंतर तेच गीत खऱ्या कृतज्ञतेने गायिले जाते. चाल तीच असल्यामुळे या दुसऱ्या आनंदात प्रेतयात्रेतला पहिला नाच ऐकू येतच राहतो.